रोपं सांगण्याआधी: भाजीपाल्याच्या हंगामी भावांविषयी शेतकऱ्यांचे प्रश्न आणि उत्तरं

शेतकरी बंधू-भगिनींनो, नमस्कार.

गेल्या पंधरवड्यात शेतीशाळांत, फोनवर आणि कार्यालयात येऊन तुम्ही जे प्रश्न विचारलेत, त्यातले निम्म्याहून जास्त भावाचे होते. अमुक तारखेला अमुक भाव निघेल असं मी सांगणार नाही आणि तसं सांगणाऱ्यावर तुम्हीही विसंबू नका. पण कोणता माल कधी, कुठून आणि का एकदम येतो हे नक्की सांगता येतं. गाडी लिलावात उभी राहिली की आपल्या हातात फार थोडं राहतं. रोपं सांगायची (रोपवाटिकेत मागणी नोंदवायची) किंवा उळं (कांद्याचं बी) टाकायची त्या दिवशी मात्र बरंच काही हातात असतं. म्हणून उत्तरं त्या दिवसापासून सुरू केली आहेत.

दिंडोरीहून एका भाऊंचा प्रश्न: २०२३ च्या जुलैत टोमॅटोने लोकांचे बंगले बांधून दिले. मी दोन वर्षं जुलै धरायचा प्रयत्न केला, दोन्ही वेळा मार बसला. यंदा दोन एकर एकदम लावू का?

भाऊ, २०२३ चं ते वर्ष आधी नीट आठवून बघा. त्या मे महिन्यात आपल्याकडे टोमॅटोला किलोला दोन-तीन रुपये मिळत होते. कंटाळून लोकांनी फवारण्या थांबवल्या, कुणी बागेत मेंढरं सोडली, कुणी रोटाव्हेटर फिरवला. त्यात मार्च-एप्रिलचा उन्हाचा तडाखा आणि विषाणूजन्य रोग. दिवसाचं तापमान ३५-३६ अंशांच्या वर राहिलं की परागकण निकामी होतात, फूल गळतं, आणि तो फटका दीड महिन्याने तोड्यात (फळं काढताना) दिसतो. म्हणजे जुलैत जो माल यायचा तो मे महिन्यातच संपला होता. जुलैत नारायणगावच्या बाजारात २० किलोची जाळी (क्रेट) दोन हजारांच्या वर गेली ती यामुळे. तो भाव बघून सगळ्यांनी रोपं सांगितली. जुलैत लावलेल्या टोमॅटोचा पहिला तोडा साठ-सत्तर दिवसांनी, म्हणजे सप्टेंबरात. आणि त्याच सप्टेंबरात लोकांनी टोमॅटो रस्त्यावर ओतले. जुलैचा भाव आणि सप्टेंबरचा उकिरडा ही एकाच गोष्टीची दोन टोकं होती.

तुमचा मार बसला तो तुमच्या शेतीच्या चुकीने नाही. तुम्ही भाव बघून लावलंत आणि तोच भाव बघून आणखी हजारो जणांनी लावलं.

त्यापेक्षा एक काम करा. लागवड ठरवण्याआधी तीन रोपवाटिकांना स्वतः भेट द्या. फोनवर विचारू नका, जाऊन बघा. टोमॅटोच्या रोपांना पुढचे पंधरा-वीस दिवस नंबर लागत नसेल, तर आजपासून अडीच महिन्यांनी पिंपळगावच्या बाजार समितीच्या आवारात गाड्यांना जागा मिळणार नाही असं धरून चाला. आणि ट्रेमधली रोपं ताडासारखी वाढून पिवळी पडायला लागली असतील, मालक "किती पण द्या पण घेऊन जा" म्हणत असेल, तर लोक त्या पिकातून बाहेर पडताहेत. मी गेली काही वर्षं हंगामाच्या तोंडावर रोपवाटिकांत चक्कर मारतो. भावाचा याहून भरवशाचा अंदाज मला अजून कुठे मिळालेला नाही.

दोन एकर एकदम तर मुळीच लावू नका. बांबू, तार, सुतळी, मल्चिंग, ठिबक, औषधं धरून एकरी लाख-दीड लाखाच्या पुढे खर्च जातो, आणि तो सगळा एकाच महिन्याच्या भावावर टांगायचा? क्षेत्राचे तीन भाग करा आणि वीस-वीस दिवसांच्या अंतराने लावा. एक तोडा मातीमोल जाईल, एक मधला जाईल, एखादा भाव धरेल. उन्हाळी लागवडीला कडेने मक्याच्या दोन-तीन ओळी आधीच पेरून ठेवा, मावा आणि पांढरी माशी थोपवायला त्यांचा उपयोग होतो.

आणि भाव पडला की तोडायचं की सोडायचं, याचा हिशोब वेगळा करायचा. आतापर्यंत झालेला खर्च त्यात धरायचा नाही, तो कुठल्याही निर्णयाने परत येत नाही. समजा तोडणी, भाडं, हमाली मिळून जाळीला ५० रुपये जातात आणि ८० मिळताहेत, तर तोडा. ४० मिळत असतील तर तोडू नका. पण झाड निरोगी असेल आणि अजून महिनाभर चालणार असेल, तर रागाच्या भरात उपटू नका. मे २०२३ मध्ये ज्यांनी नेटाने बाग राखली, जुलै त्यांचाच होता.

सिन्नरहून: कोथिंबिरीला कधी शेकड्याला (शंभर जुड्यांना) हजारो रुपये मिळतात, कधी जुडी फुकट नेत नाहीत. काय धरावं?

कोथिंबीर ४० दिवसांची, त्यामुळे तिचा भाव आठवड्यात फिरतो. पावसाळ्यात दोन-तीन दिवस झड लागली की काळ्या रानातली कोथिंबीर पिवळी पडून सडते आणि ज्याच्याकडे शिल्लक असते त्याला मोल येतं. म्हणून जून ते सप्टेंबर ती निचऱ्याच्या, मुरमाड रानात गादीवाफ्यावर घ्या. अर्धा एकर एकदम पेरण्यापेक्षा दर आठ-दहा दिवसांनी पाच गुंठे पेरा. धने हलक्या हाताने रगडून दोन फाके करून पेरले की उगवण सारखी होते. हिवाळ्यात थंडीत ती सगळ्यांचीच छान येते, तेव्हा तिच्यावर मोठी आशा ठेवू नका.

चांदवडहून एका ताईंचा प्रश्न: उन्हाळ कांदा काढला की लगेच विकावा की चाळीत (कांदा साठवायच्या हवेशीर छपरीत) ठेवावा? गेल्या वेळी ठेवला आणि निम्मा सडला. घरात अजून त्यावरून बोलणी खाते आहे.

ताई, ठेवायचा की नाही हे ठरवायला आधी एक छोटं गणित घाला. समजा आज क्विंटलला १,२०० रुपये मिळताहेत आणि तुमच्याकडे १०० क्विंटल आहे. आज विकला तर १ लाख २० हजार. चार महिन्यांत वजन घटून, सडून, कोंब येऊन पंचवीस टक्के गेला तर ७५ क्विंटल उरेल. तेवढ्याचेच १ लाख २० हजार व्हायला भाव १,६०० हवा. त्यावर चार महिन्यांचं व्याज आणि दोनदा निवडायची मजुरी धरली की १,७०० च्या आसपास तुम्ही फक्त बरोबरीत येता. त्याच्या वर मिळेल तो ठेवल्याचा फायदा. आणि घट चाळीस टक्के गेली, तर नुसत्या बरोबरीलाच दोन हजार लागतात. म्हणजे भाव वाढण्याइतकंच घट कमी ठेवणं महत्त्वाचं आहे, आणि घट तुमच्या हातात आहे.

तुमचा कांदा चाळीत सडला, पण त्याची सुरुवात बहुतेक शेतातच झाली असणार. उन्हाळ कांद्याला लागवडीनंतर साठ दिवसांच्या पुढे युरिया टाकला की कांदा फुगतो, मान जाड राहते, आणि जाड मानेचा कांदा टिकत नाही. काढणीआधी पंधरा-वीस दिवस पाणी तोडा. निम्म्या माना पडल्या की काढा. काढल्यावर तीन-चार दिवस शेतातच, पण उघड्यावर नको: एका ओळीची पात आधीच्या ओळीच्या कांद्यावर येईल अशी मांडणी करा. मग मानेला पीळ देऊन इंच-दीड इंच मान ठेवून पात कापा. अगदी बुडाशी कापलेल्या मानेतून बुरशी सरळ आत शिरते. त्यानंतर दहा-बारा दिवस सावलीत पातळ पसरून ठेवा. डेंगळे (फुलाचा दांडा आलेला कांदा), जोडकांदा, चिंगळी (अगदी बारीक कांदा) आणि विळा लागलेला कांदा चाळीत घालायचाच नाही, तो त्याच आठवड्यात विकून टाका.

चाळीत ढीग चार-पाच फुटांपेक्षा उंच नको आणि खालून हवा खेळायला हवी. मागच्या पावसाळ्यात एका चाळीत गेलो होतो. वरचा थर लालबुंद, चकचकीत, मालक खूश. ढिगात कोपरापर्यंत हात घातला तर आत कोमट लागलं, आणि बाहेर आला तेव्हा बोटांना पाणी होतं. पावसाळ्यात दर आठवड्याला असा हात घालून बघा. आत ऊब लागली किंवा आंबूस वास आला, तर भावाची वाट न बघता तेवढा कप्पा फोडा आणि निवडून विका.

आता विकायचं कधी. उन्हाळ कांदा मार्च ते मे निघतो आणि देशाच्या कांद्यातला निम्म्याहून अधिक वाटा त्याचाच. नवा कांदा येईपर्यंत देश त्याच्यावर चालतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात कर्नाटकातला खरीप कांदा सुरू होतो, मग राजस्थानात अलवरचा, आणि दिवाळीच्या आगेमागे आपला पोळ (खरिपातला लाल कांदा). पोळ आणि रांगडा (उशिराच्या खरिपाचा कांदा) टिकत नाही, काढला की विकावाच लागतो, त्यामुळे तो एकदम येतो. जुन्या कांद्याला भाव असला तर तो या लाल कांद्याच्या आधी. तरीही दरवर्षी काही जण "अजून वाढेल" म्हणत डिसेंबरपर्यंत चाळ बंद ठेवतात.

सरकारी निर्णयांचाही धोका नेमका त्याच महिन्यांत असतो, कारण शहरात भाव तेव्हाच चढलेले असतात. २०२३ मध्ये ऑगस्टात निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं, ८ डिसेंबरपासून निर्यातच बंद झाली, ती उघडली ४ मे २०२४ ला, तीही शुल्क आणि किमान निर्यात मूल्यासकट. शुल्क पूर्णपणे उठायला १ एप्रिल २०२५ उजाडला. हे आधी कुणाला कळत नाही. म्हणून माझं सांगणं असं: काढणीच्या वेळी घरखर्च आणि कर्जाचा हप्ता निघेल एवढा विका. उरलेल्यातला तिसरा हिस्सा ऑगस्टात, तिसरा सप्टेंबरअखेर, आणि राहिलेला दिवाळीच्या आत. सगळ्यात वरचा भाव तुम्हाला मिळणार नाही, पण सगळ्यात खालचाही सगळ्या मालाला लागणार नाही. आणि निम्मा कांदा सडल्याची बोलणी एकट्या तुम्ही खाणं बरोबर नाही. युरिया कधी टाकायचा आणि चाळ कधी फोडायची हे घरात बसून सगळ्यांनी मिळून ठरवा.

मालेगावहून: रमजानसाठी कलिंगड कधी लावू? पूर्वी डिसेंबर-जानेवारीत लावलं की बरोबर बसायचं.

बसायचं, कारण तेव्हा रमजान एप्रिलात होता. २०२२ मध्ये तो ३ एप्रिलला सुरू झाला, २०२४ मध्ये १२ मार्चला, २०२५ मध्ये २ मार्चला. दरवर्षी तो दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. २०२६ मध्ये फेब्रुवारीचा तिसरा आठवडा, २०२७ मध्ये दुसरा. म्हणजे जुन्या वेळापत्रकाने लावलेला बहुतेक माल आता रमजान उलटल्यावर निघेल.

दुसरी गोष्ट याहून मोठी आहे. पूर्वी रमजानची मागणी आणि उन्हाची मागणी एकाच महिन्यात यायची, म्हणून भाव तसा असायचा. आता रमजान थंडीत चाललाय. उपास सोडायला कलिंगड लागेल, पण बाकीचं गिऱ्हाईक फेब्रुवारीत उन्हाळ्यासारखं तुटून पडणार नाही. म्हणून सगळं रान रमजानवर लावू नका. एक तुकडा रमजानसाठी ठेवा आणि मोठा तुकडा मार्चअखेर ते मे या उन्हासाठी.

रमजानचा तुकडा थंडीत वाढणार, त्यामुळे सत्तर-पंचाहत्तर दिवसांऐवजी ऐंशी ते नव्वद दिवस धरा आणि लागवडीची तारीख उलटी मोजा. बी थेट रानात टोचू नका, थंड मातीत उगवण मार खाते. ट्रेमधली बारा-पंधरा दिवसांची रोपं मल्चिंगवर लावा आणि वरून क्रॉप कव्हर (थंडीपासून राखणारं पातळ कापड) घाला. मादी फुलं दिसायला लागली की कव्हर काढा, नाहीतर मधमाशी आत येणार कशी? त्या दिवसांत सकाळच्या वेळी फवारणी नको.

भोगीच्या भाजीबद्दल दोघींनी विचारलं होतं, तिलाही हाच उलटा हिशोब. १३ जानेवारीला पावटा आणि गाजर हवं तर पेरणी ऑक्टोबरच्या सुरुवातीला व्हायला हवी. वांग्याला मागणी चंपाषष्ठीपासूनच सुरू होते, कारण चातुर्मासात ज्यांच्या घरी वांगं बंद असतं ते तेव्हा उघडतात. पण सणाच्या दुसऱ्या दिवशी हा भाव राहत नाही, माल दोन दिवस आधी बाजारात पोचवा.

निफाडहून: माझा मुलगा मुंबईत टोमॅटो ६० रुपयांनी घेतो, माझा इथे १८ ने जातो. वर पट्टीतून (विक्रीच्या हिशोबाच्या पावतीतून) आडत (अडत्याचं कमिशन) आणि कडता (वजनातली कपात) कापतात. हे बरोबर आहे का?

आडत कापणं बरोबर नाही. जुलै २०१६ पासून राज्यात फळं-भाजीपाल्याची आडत खरेदीदाराने द्यायची आहे, ती शेतकऱ्याच्या पट्टीतून कापता येत नाही. क्विंटलमागे दोन-दोन किलो कडता धरणंही नियमात बसत नाही. जेवढं काट्यावर भरलं तेवढ्याचे पैसे मिळाले पाहिजेत, तेही चोवीस तासांत. हमाली आणि तोलाई लागते, पण ती बाजार समितीच्या फलकावर लिहिलेल्या दरानेच.

बाकीच्या फरकाबद्दल: रिझर्व्ह बँकेच्या २०२४ च्या अभ्यासात ग्राहकाच्या रुपयातले शेतकऱ्याला टोमॅटोत ३३, कांद्यात ३६ आणि बटाट्यात ३७ पैसे मिळतात असं दिसलं. तुमचे ६० मधले १८ रुपये म्हणजे रुपयातले ३० पैसे, त्याहूनही खाली. भाडं, खराबा, दोन-तीन हातांचा नफा यात बाकीचे जातात. पाच-सहा जणांनी मिळून रोजच्या मालातला थोडासा हिस्सा पणन मंडळाच्या संत शिरोमणी सावता माळी शेतकरी आठवडे बाजारात नेला तर फरक पडतो. सगळा माल तिथे खपणार नाही, हेही आधीच सांगतो.

कापलेल्या आडतीसाठी आधी बाजार समितीच्या सचिवांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तिथे झालं नाही तर तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे, पुढे जिल्हा उपनिबंधकांकडे. तोंडी तक्रारीचं काही होत नाही. गेल्या तीन महिन्यांच्या जेवढ्या पट्ट्या घरात सापडतील तेवढ्या पिशवीत घालून कार्यालयात आणा. अर्ज मी स्वतः तुमच्यासोबत बसून लिहून देतो.