सहा गोल खाल्ल्यानंतर

प्रश्न : तालुक्याच्या स्पर्धेत आमच्या गावाचा फुटबॉल संघ ०-६ असा हरला. तेव्हापासून मुले मैदानाकडे फिरकत नाहीत. उमेद कशी टिकवावी?
– एक वाचक, यवतमाळ जिल्हा

उत्तर : २०२२च्या विश्वचषकात अर्जेंटिनाचा संघ पहिलाच सामना सौदी अरेबियाकडून १-२ असा हरला आणि तरीही अखेर विजेता ठरला, मात्र पुढच्या सामन्यात प्रशिक्षकांनी पाच खेळाडू बदलले होते, हे विसरू नये. नुसत्या आशेवर कोरडवाहू कपाशीही येत नाही. सहा गोल कोणत्या बाजूने, कितव्या मिनिटाला झाले, हे मुलांकडूनच वहीत लिहून घ्यावे. बहुतेक उत्तरार्धातले असतील, तर दमसास कमी पडला असे समजावे, आणि तो वेचणीच्या दिवसांतही रोज संध्याकाळी अर्धा तास धावून वाढवता येतो. गोलरक्षकाला तेवढे एकटे गाठून चहा पाजावा. पारावरची बोलणी सर्वांत जास्त त्यालाच खावी लागली असतील.