खरी नम्रता आणि नम्रतेचा आव, फरक ओळखायचा कसा?

तुम्ही लिहिलंय की चर्चच्या मंडळीतले एक बंधू ऊठसूट ‘मी तर अगदी नालायक सेवक’ म्हणतात, लोक त्यांना नम्र म्हणतात आणि तुम्हाला मात्र ते खटकतं. तर खरं काय, खोटं काय, कसं ओळखायचं?

नुसत्या बोलण्यावरून ओळखायला जाऊ नका. स्वतःला कमी लेखणारी वाक्यं कुणालाही पाठ होतात. तेच वाक्य दुसऱ्याने म्हटलं की काय होतं, ते बघा. उपासना संपल्यावर कुणी म्हणतं, ‘गीत छान झालं.’ उत्तर येतं, ‘छे हो, माझा कुठला आवाज! सगळं प्रभूचं.’ इथवर ठीक. पण समोरचा म्हणाला, ‘हो, दुसऱ्या कडव्याला सूर जरा उतरला होता खरा,’ आणि लगेच चेहरा पडला, पुढच्या रविवारी सरावाला दांडी, तर काय ते समजा. फ्रान्समधल्या क्लेअरव्हो मठाचा प्रमुख असलेल्या संत बर्नार्डने 12व्या शतकात गर्वाच्या 12 पायऱ्या सांगितल्या. त्यात फुशारकी चौथी आहे आणि तोंडदेखली पापकबुली थेट नववी. म्हणजे फुशारकी मारणारा त्याच्या हिशेबाने अजून बराच अलीकडे आहे!

दुसरी खूण म्हणजे घेता येणं. बायबलमध्ये, योहान 13 मध्ये, येशू शिष्यांचे पाय धुवायला वाकतो तेव्हा त्याचा शिष्य पेत्र म्हणतो, माझे पाय तुम्ही कधीच धुवायचे नाहीत. ऐकायला किती नम्र! येशूने समजावल्यावर तो दुसऱ्या टोकाला जातो, मग हात आणि डोकंही धुवा म्हणतो. त्याचं प्रेम खरंच होतं, पण दोन्ही वेळा काय धुवायचं ते तोच ठरवू पाहत होता. मदत, कौतुक, कानउघाडणी यांतलं काहीच ज्याला मुकाट्याने घेता येत नाही, त्याच्या ‘कशाला उगीच त्रास’ मागे बऱ्याचदा मानच असतो.

मला स्वतःला सगळ्यात उपयोगी पडतं ते इस्राएल लोकांचा पुढारी मोशे याचं उदाहरण, कारण एकाच माणसात दोन्ही बाजू दिसतात. गणना 12:3 त्याला पृथ्वीवरच्या सगळ्या माणसांपेक्षा नम्र म्हणतं. पण जळत्या झुडपापाशी देवाने काम सोपवलं तेव्हा हाच माणूस ‘मी जड जिभेचा, दुसऱ्या कुणाला पाठव’ म्हणत बसला, तेव्हा परमेश्वराचा राग भडकला. सांगितलेलं काम टाळायला नम्रतेचे शब्द फार सोयीचे पडतात. पुढे छावणीत एलदाद आणि मेदाद हे दोघेही देवाचा संदेश देऊ लागले. मोशेचा मदतनीस यहोशवा म्हणाला, यांना थांबवा. मोशेचं उत्तर होतं, परमेश्वराचे सगळेच लोक संदेष्टे झाले तर किती बरं! आपलं काम दुसऱ्याला जमतंय, कदाचित आपल्याहून बरं जमतंय, आणि तरी पोटात दुखत नाही. माझ्या मते हीच सगळ्यात भरवशाची खूण. (या खुणा दुसऱ्यांना लावत फिरलं की लूक 18 मधल्या, स्वतःला धार्मिक समजून इतरांना तुच्छ लेखणाऱ्या परूश्याची जागा आपसूक मिळते, म्हणून मी त्या आधी स्वतःला लावून बघतो.)

आणि असलेलं दान नाकारायची तर गरजच नाही. प्रेषित पौल करिंथकरांच्या पहिल्या पत्रात (1 करिंथ 15) स्वतःला प्रेषितांत सर्वांत कनिष्ठ म्हणतो आणि पुढच्याच वचनात सांगतो की श्रम मात्र मी त्या सगळ्यांपेक्षा जास्त केले, तेही देवाच्या कृपेने. गळा चांगला असेल तर ‘धन्यवाद’ म्हणून मोकळं व्हावं.

आता त्या बंधूंबद्दल. असं बोलणारा प्रत्येक जण आव आणतो असं नाही. लहानपणापासून ‘तुला काय जमणार’ हेच ऐकत आलेला माणूसही असंच बोलतो, आणि त्याला ढोंगी ठरवणं क्रूरपणा आहे. त्यांना एखादं साधं, नेमकं काम द्या. खुर्च्या लावणं असो की आजाऱ्यांना भेटणं. झाल्यावर काय चांगलं झालं आणि काय राहिलं, दोन्ही सांगा. खचलेला माणूस अशाने हळूहळू सावरतो आणि ते वाक्य मागे पडतं. आव असेल तर ‘काय राहिलं’ ऐकतानाच कळेल. तोवर एक करा: ते ‘मी नालायक’ म्हणाले की ‘नाही हो, तुम्ही किती नम्र!’ असं म्हणायचं सोडून द्या, आणि सरळ कामाचं बोला.