दोन लिटर आणि एक कप

प्रश्न : परवा सासूबाईंच्या हातून दुधाचं पातेलं निसटलं. दोन लिटर दूध ओट्यावरून थेट खाली. त्याच संध्याकाळी नऊ वर्षांच्या थोरल्यानं आपलं कपभर दूध गुपचूप मोरीत ओतलं आणि "प्यायलो" म्हणून सांगितलं. सहा वर्षांची धाकटी म्हणते, "आजीचीच चूक मोठी. तिनं जास्त सांडलं." सासूबाईंना फार लागलं ते. आमचे संस्कार कमी पडले का?
— एक आई, सातारा

उत्तर : ताई, आधी सासूबाईंना सांगा, नातीच्या मनात काही नाही. तिनं फक्त लिटर मोजले.

झां पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञांनी मुलांना अशाच दोन गोष्टी सांगून पाहिल्या होत्या. १९३२ साली ते पुस्तकात आलं. एका मुलानं जेवणघराचं दार ढकललं; मागे खुर्चीवर कपांचा ट्रे आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. पंधरा कप फुटले. दुसरा, आई बाहेर गेल्याचं बघून, कपाटातला जॅम काढायला वर चढला. एक कप फुटला. जास्त वाईट कोण वागलं? लहानांपैकी पुष्कळांनी पंधरा कपवाल्याला धरलं. नऊ-दहा वर्षांची मुलं बहुधा जॅमवाल्याला धरत.

पुढे इतर संशोधकांनी नुकसान दोन्हीकडे सारखंच ठेवून विचारलं, तेव्हा अगदी तीन-चार वर्षांच्यांनाही 'चुकून' आणि 'मुद्दाम' यांतला फरक कळताना दिसला. तुमच्या धाकटीलाही तो कळत असणार. पण समोर एवढं मोठं थारोळं!

पियाजेंनी आणखी एक म्हटलंय, ते मला जास्त बोचतं : मोठी माणसंही बऱ्याचदा नुकसान बघूनच रागावतात. मी बालवाडी चालवायचे तेव्हाची गोष्ट. खाऊच्या ताटल्या नेताना एक मुलगी अडखळली, पोहे सगळीकडे. मी केवढ्यानं ओरडले! त्याच आठवड्यात एकानं मैत्रिणीचं चित्र मुद्दाम फाडलं, तर "असं करू नये हं" एवढ्यावर भागवलं. कागदच तर होता. नंतर मुलं 'शाळा-शाळा' खेळत होती. 'बाई' झालेली चिमुरडी कमरेवर हात ठेवून ओरडत होती, "कुणी सांडलं? कुणी सांडलं?" तो आवाज माझा होता.

तेव्हा पातेलं पडलं त्या क्षणी घरात कोण काय बोललं, ते आठवून बघा. आणि कपाचं कळलं तेव्हा? दोन्हीकडचा आवाज धाकटीनं ऐकलाय.

तिला उपदेश नको. रात्री निजताना तिचीच एखादी आठवण काढा, पाण्याची बाटली दप्तरात सांडली होती तशी. "तू मुद्दाम सांडलंस का गं?" एवढंच विचारा आणि गप्प बसा. आजीचं ती स्वतःच काढेल. आज नाही तर चार दिवसांनी.

थोरल्याशी मात्र दुधाबद्दल नव्हे, "प्यायलो" या शब्दाबद्दल बोला. आणि त्याला दूध खरंच नको असेल तर ताक द्या ना. मोरीला किती पाजायचं?