छोट्या स्कूटरसाठी कार्बोरेटर निवडताना
५० सीसीच्या टू-स्ट्रोक इंजिनाला थेट २१ मिलिमीटर तोंडाचा कार्बोरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग) बसवण्याचा विचार आपण करत असाल, तर तो कृपया सोडून द्यावा. सिलिंडर आणि सायलेन्सर मूळचेच असतील, तर एवढ्या रुंद तोंडातून हवेचा वेग मंदावतो, पेट्रोल हवेत नीट मिसळत नाही आणि कमी आरपीएमवर गाडी अडखळते. ७० सीसीच्या किटलाही (मोठ्या सिलिंडर-पिस्टनच्या संचालाही) १७.५ किंवा १९ मिलिमीटर बहुधा पुरतो. खरे कौशल्य जेट, म्हणजे कार्बोरेटरमध्ये पेट्रोल मोजून सोडणारा बारीक छिद्राचा भाग, निवडण्यात आहे. मेन जेट (जास्त थ्रॉटलवर पेट्रोल पुरवणारा) मुद्दाम मोठा घेऊन एकेक पायरी खाली यावे, कारण पेट्रोल कमी पडले तर पिस्टन तापून जाम होतो. पूर्ण थ्रॉटलवर चालवून इंजिन तत्काळ बंद करावे व स्पार्क प्लग काढून पाहावा: टोक पांढरट असल्यास जेट वाढवावा, काळे व ओलसर असल्यास घटवावा, तपकिरी असल्यास तोच ठेवावा.