आराखड्यातला पहिला शनिवार

प्रिय बाळा,

डहाणूकडच्या आश्रमशाळेत तू किशोरी गट घेणार आहेस, हे वाचून फार आनंद झाला. आठ शनिवारांचा तुझा आराखडाही वाचला. पहिल्याच दिवशी 'आत्मविश्वास म्हणजे काय' हे भाषण आहे, ते काढून टाक. या मुली पाड्यावर पाणी भरतात, धाकट्यांना सांभाळतात, बाजारात हिशेब करतात. वर्गात मात्र मान वर करत नाहीत, कारण पहिलीपासून त्यांची वारली बोली 'अशुद्ध मराठी' म्हणून खोडली गेली आहे. तेव्हा आधी त्यांना वारलीत बोलू दे. तू शिकणारी हो. तुझे उच्चार ऐकून त्या हसतील, मनमोकळं हसू दे.

मग पाड्यावरच्या एखाद्या धवलेरीला बोलाव. वारल्यांचं लग्न गाणी म्हणत ही बाई लावते आणि लग्नाचा चौक, म्हणजे भिंतीवरचं लग्नाचं चित्र, सुवासिनी लिहितात. जिव्या सोमा म्हसे यांनी वारली चित्रकला जगापुढे नेली, त्यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली. पण त्याआधी ही चित्रं बायकांच्याच हातची होती, हे आपल्या आज्यांकडून ऐकताना पोरींचे चेहरे बघ.

आरोग्याच्या सत्रात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार घे. वाहक, म्हणजे जिला हा दोष एकाच पालकाकडून आला आहे, ती आजारी नव्हे. आई-वडील दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी असण्याची शक्यता 25 टक्के असते. हे सगळ्यांना सांग. कोण वाहक आहे, हे मात्र गटात कधीच निघता कामा नये. लग्न मोडण्याच्या धाकाने पोरी तपासणीच टाळतात.

एखादी मुलगी तुला एकटीला गाठून, कुणी त्रास देतं म्हणून सांगेल. 'कुणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नकोस. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या 2012 च्या पॉक्सो कायद्याने लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणं तुझ्यावर बंधनकारक आहे. 1098 हा मुलांच्या मदतीचा फोन क्रमांक सगळ्यांना पाठ करून दे. तिच्यावर विश्वास आहे, हे आधी बोल.

मी एकदा एका गटाला 'परीक्षेनंतर येते' म्हणाले आणि गेलेच नाही. वर्षभराने गेले, तेव्हा त्यांतली एकही माझ्याशी बोलली नाही. पावसाने रस्ता बंद झाला, तर अधीक्षिकाबाईंना फोन कर, निरोप मुलींपर्यंत पोचू दे.

आणि धवलेरीची त्या दिवसाची मजुरी बुडेल, ते पैसे आराखड्यात धर.

तुझी,
मावशी