"आमच्या वेळीही असंच होतं" म्हणून सोडून देऊ नका

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगा चौथीत आहे. शाळेच्या व्हॅनमध्ये सहावीतली दोन मुलं त्याला रोज "ढोल्या" म्हणतात, डबा काढून घेतात. दोन महिन्यांपासून सकाळी त्याचं पोट दुखतं आणि डॉक्टरांना काही सापडत नाही. घरातली मंडळी म्हणतात, आमच्या वेळीही असंच होतं, त्यानेच मुलं घट्ट होतात. याचा वाढीवर खरंच परिणाम होतो, की मीच जास्त विचार करते, असं तुम्ही विचारलंय. मी २६ वर्षं माध्यमिक शाळेत शिकवलं. परिणाम होतो, ताई. तुमची काळजी रास्त आहे.

मुलं एकमेकांना चिडवतात, भांडतात आणि संध्याकाळी पुन्हा एकत्र खेळतात. त्यात आज हा वरचढ, उद्या तो. त्याची चिंता करू नये. पण नॉर्वेत या विषयाचा पाया घालणारे मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस यांनी छळाच्या तीन खुणा सांगितल्या आहेत: मुद्दाम केलेलं, पुन्हा पुन्हा होणारं, आणि ज्याला त्रास होतो त्याला उलट करता येत नाही असं. चौथीतला एक, सहावीतले दोन, रोज, बंद व्हॅनमध्ये. तिन्ही खुणा इथे आहेत.

पोटदुखी हे नाटक नाही. आता काय होणार या धास्तीत शरीर रोज राहिलं की पोट, झोप, भूक सगळ्यावर परिणाम होतो. वर्गात बाई भागाकार शिकवत असतात आणि याचं अर्धं लक्ष घड्याळाकडे असतं, कारण व्हॅनची वेळ जवळ येत असते. मग मार्क घसरतात आणि आपण म्हणतो, अभ्यासात लक्ष नाही. आठ ते अकरा हे वय मैत्री शिकण्याचं. त्या वयात रोज अपमान झाला की मूल "ती मुलं वाईट आहेत" असं म्हणत नाही, "माझ्यातच काहीतरी खोट आहे" असं धरून बसतं. मला सगळ्यात जास्त भीती याची वाटते.

"काही बिघडलं नाही" म्हणणाऱ्यांना एक अभ्यास जरूर सांगा. ब्रिटनमध्ये १९५८ साली मार्च महिन्यातल्या एकाच आठवड्यात जन्मलेल्या मुलांची आयुष्यभर नोंद ठेवली गेली. मुलं ७ आणि ११ वर्षांची असताना पालकांना विचारलं होतं, तुमच्या मुलाला इतर मुलं त्रास देतात का? २०१४ साली निष्कर्ष छापून आले, तेव्हा ही माणसं पन्नाशी ओलांडून गेली होती. लहानपणी ज्यांना वारंवार त्रास झाला होता, त्यांच्यात वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षीही नैराश्य आणि चिंतेचे आजार जास्त आढळले. घरची परिस्थिती, लहानपणची बुद्धिमत्ता हे सगळं हिशेबात धरूनही. प्रत्येक मुलाचं असंच होतं असा याचा अर्थ नाही, पण "मोठं झालं की विसरतात" हे खरं नाही.

आता माझी चूक सांगते. माझ्या सहावीच्या वर्गात एक मुलगा अडखळत बोलायचा. धडा वाचायला उभा राहिला की मागच्या बाकावरून नक्कल सुरू व्हायची. मी नक्कल करणाऱ्यांना रागावले आणि त्या मुलाला वाचायला उठवणं बंद केलं. मला वाटलं, मी त्याला सांभाळतेय. पुढे त्याने हात वर करणंही सोडलं. मधल्या सुट्टीत तो मुतारीकडे जाईना, कारण तिथे ती मुलं असायची, म्हणून पाणीही पिईना. त्याची बाटली रोज भरलेली घरी जायची, हे त्याच्या आईने मला वर्ष संपताना सांगितलं. काही वर्षांपूर्वी तो एसटी स्टँडवर भेटला, पाया पडला. चांगली नोकरी आहे. म्हणाला, "बाई, हॉटेलात ऑर्डर अजून बायकोच देते." रात्रभर मला झोप लागली नाही.

म्हणून सांगते, मुलाने काय काय करणं सोडलंय ते बघा. पाणी पिणं, मैदानावर जाणं, वाढदिवसाला मित्रांना बोलावणं.

"तूही एक ठेवून दे" असं त्याला सांगू नका. दोन मोठ्या मुलांसमोर ते जमणार नाही, आणि मग आईने सांगितलेलंही आपल्याला जमत नाही ही भर पडेल. तारीख, जागा, काय झालं, एवढं वहीत लिहून ठेवा आणि मुख्याध्यापकांना लेखी द्या, पोच घ्या. समोरासमोर उभं करून "सॉरी म्हण, हात मिळव" हा शाळांचा आवडता तोडगा. तो नको म्हणून आधीच सांगा, कारण त्याची वसुली दुसऱ्या दिवशी व्हॅनमध्ये होते. तुम्ही मागायचं ते असं: त्याची जागा व्हॅनकाकांच्या शेजारी, त्या दोघांशी वेगवेगळं बोलणं, आणि दर आठवड्याला तुम्हाला निरोप. एखादे शिक्षकच "ढोल्या" म्हणत असतील (असं होतं, मी स्टाफरूममध्ये ऐकलंय), तर २००९च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ दाखवा. विद्यार्थ्याचा मानसिक छळ करायला त्यात स्पष्ट मनाई आहे.

त्या दोन मुलांचाही विचार शाळेने करायला हवा. दादागिरी करून काम होतं हे सहावीत शिकलेला मुलगा ते पुढेही वापरतो. आणि जो स्वतः मार खातो व दुसऱ्याला मारतो, त्याचं तर सगळ्यात जास्त नुकसान होतं.

व्हॅनमधला एक जरी मुलगा तुमच्या मुलाच्या शेजारी बसायला लागला, तरी खूप फरक पडतो. फिनलंडच्या शाळांतला किव्हा हा छळ रोखण्याचा कार्यक्रम नुसतं बघत राहणाऱ्या मुलांवरच भर देतो. मुलाच्या वर्गातलं कोणी त्या व्हॅनमध्ये असेल तर त्या आईशी बोला, रविवारी दोघांना घरी खेळायला ठेवा.

त्याची झोप उडाली असेल, किंवा "मी नसतो तर बरं" असं काही तो बोलला, तर थांबू नका. मानसिक आरोग्यासाठीची सरकारी हेल्पलाइन टेलिमानस १४४१६ आणि मुलांसाठीची चाइल्डलाइन १०९८, दोन्ही मोफत आहेत.

शाळेला द्यायच्या पत्राचा मसुदा इथे टाका, मुलाचं आणि शाळेचं नाव काढून. मी आज रात्री वाचून काय बदलायचं ते सांगते.