रिपोर्टात ‘एएमएसीआर पॉझिटिव्ह’ लिहिलंय. म्हणजे प्रोस्टेटचा कॅन्सर जास्त धोक्याचा का? आणि प्रोटीनची टेस्ट करावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडील ६८ वर्षांचे, पीएसए (रक्तात मोजलं जाणारं प्रोस्टेटचं प्रथिन) ७.८, बायोप्सीच्या बारा तुकड्यांपैकी दोनांत ग्लीसन ३+३ (कॅन्सरच्या तीव्रतेचे गुण; बेरीज ६ म्हणजे सौम्य, ९ म्हणजे तीव्र), आणि रिपोर्टाच्या तळाशी ‘एएमएसीआर पॉझिटिव्ह, पी६३ निगेटिव्ह’ अशी ओळ. ती वाचून घरी सगळे घाबरलेत. त्यात कुणीतरी सुचवलंय की टिश्यूवर, म्हणजे काढलेल्या तुकड्यावर, प्रोटीनची टेस्ट करून धोका मोजून घ्या. तुम्ही म्हापशाला राहता, तेव्हा ती कुठे करायची आणि करायची का?

आधी त्या ओळीची भीती काढतो. ती ओळ धोका मोजत नाही, फक्त ‘हा कॅन्सर आहे’ एवढंच पक्कं करते. प्रोस्टेटच्या निरोगी ग्रंथीला पेशींचे दोन थर असतात, आत स्राव करणाऱ्या पेशी आणि बाहेरून त्यांना वेढणारा बेसल पेशींचा थर. कॅन्सरमध्ये बाहेरचा थर नाहीसा होतो. पी६३ हे बेसल पेशींच्या केंद्रकातलं प्रथिन. मिश्र रंगाची स्लाइड मायक्रोस्कोपखाली धरली की निरोगी ग्रंथीभोवती तपकिरी ठिपक्यांची माळ दिसते. शेजारच्या कॅन्सरच्या ग्रंथीला ती माळ नसते आणि आतल्या पेशींत एएमएसीआर या प्रथिनाचा लाल दाणेदार रंग भरलेला असतो. ग्लीसन ६ असो की ९, चित्र साधारण हेच. ‘पॉझिटिव्ह’ शब्दाने दचकू नका. उलट दोन-चारच ग्रंथी संशयास्पद असतील तर एवढ्यावर निदान करायला आम्ही पॅथॉलॉजीवाले कचरतो, कारण काही निरुपद्रवी बदलांतही बेसल थर तुटक दिसतो आणि एएमएसीआर कॅन्सरपूर्व बदलांतही रंगतो.

धोका सांगणारी प्रथिनं वेगळी. रोजच्या कामात त्यांतली दोनच खऱ्या उपयोगाची, पीटेन आणि की-६७.

पीटेन हे पेशीच्या वाढीला लगाम घालणारं प्रथिन. ३+३ च्या तुकड्यात ते गेलेलं दिसलं, तर सुई जिथे पोचली नाही तिथे जास्त ग्रेडचा भाग दडला असण्याची शक्यता वाढते. म्हणजे ‘नुसतं लक्ष ठेवू’ म्हणण्याआधी पुन्हा नीट शोधायला हवं. ही टेस्ट वाचताना एक नेहमीची चूक होते. कॅन्सरच्या ग्रंथी फिक्या दिसल्या की ‘पीटेन लॉस’ लिहून टाकायचं. पण त्याच स्लाइडवरच्या निरोगी ग्रंथी आणि भोवतालच्या पेशी चांगल्या रंगलेल्या असतील तरच त्या फिकेपणाला अर्थ आहे. त्याही फिक्या असतील तर प्रथिन गेलेलं नाही, रंग चढलेला नाही. स्लाइड पुन्हा करावी लागते. रिपोर्टात ‘इंटर्नल कंट्रोल’बद्दल, म्हणजे त्या निरोगी पेशींच्या रंगाबद्दल, एक शब्दही नसेल तर विचारा. दुसरं म्हणजे पीटेन एकाच गाठीत कुठे असतं, कुठे नसतं. म्हणून टेस्ट सर्वांत जास्त कॅन्सर असलेल्या तुकड्यावर करायची, हाताला लागेल त्या ब्लॉकवर (मेणात बसवलेल्या तुकड्यावर) नाही.

की-६७ विभाजनात असलेल्या पेशी दाखवतं. जास्त टक्के म्हणजे वाढ जोरात, हे खरं. पण प्रोस्टेटमध्ये हा आकडा मुळातच लहान असतो, आणि गोची तिथेच आहे. तुकड्यात कॅन्सर एखाद-दोन मिलीमीटर. २०० केंद्रकं मोजली आणि ४ रंगलेली मिळाली तर २ टक्के. जरा बाजूला सरकून १० मिळाली तर ५ टक्के. सगळ्या लॅबना मान्य अशी एकच रेषा नाही. त्यामुळे एकट्या की-६७ वरून ऑपरेशनचा निर्णय घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. ईआरजी नावाचं प्रथिनही कधी कधी रिपोर्टात दिसतं. टीएमपीआरएसएस२ आणि ईआरजी ही जनुकं जोडली गेल्याची ती खूण आहे, २००५ मध्ये सापडलेली. निदानाला मदत करते, धोक्याबद्दल एकटी फारसं बोलत नाही.

तुम्हाला सुचवलेली ‘प्रोटीनची टेस्ट’ बहुधा आठ प्रथिनांची, प्रोमार्क नावाने अमेरिकेत आलेली. तिच्यावरचा मुख्य अभ्यास २०१५ मध्ये छापून आला. डीईआरएल१, पीडीएसएस२, पीएस६, वायबीएक्स१, एचएसपीए९, एफयूएस, एसएमएडी४ आणि सीयूएल२ ही प्रथिनं चमकणाऱ्या रंगांनी दाखवून संगणक ती मोजतो आणि एक गुण देतो. त्या प्रथिनांची निवड मात्र हुशारीची होती. काढलेल्या प्रोस्टेटच्या सौम्य आणि तीव्र अशा दोन्ही भागांतून नमुने घेऊन, सुई कुठेही लागली तरी सारखंच सांगतील अशी प्रथिनं अभ्यासकांनी वेचली. ती फक्त ३+३ आणि ३+४ साठी आहे. आपल्याकडच्या रोजच्या उपचारात ती नाही, आणि तिच्यावाचून तुमचं काही अडणार नाही. ऑन्कोटाइप, प्रोलारिस, डेसिफर ही नावं कुणी घेतली तर त्या प्रथिनांच्या नव्हेत, आरएनएच्या, म्हणजे जनुकांचा संदेश वाहणाऱ्या रेणूंच्या, टेस्ट आहेत. लोक सगळ्यांना एकाच पिशवीत घालतात.

आता वडिलांकडे वळू. कुठल्याही मार्करआधी, म्हणजे अशा टेस्टआधी, एक साधा प्रश्न: लघवीच्या त्रासासाठी ते फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड घेतात का? या गोळ्या सहा महिने ते वर्षभरात पीएसए साधारण निम्म्यावर आणतात. घेत असतील तर ७.८ म्हणजे खरे १५ च्या पुढे, आणि १० च्या आतला ‘कमी धोका’ गट सुटला. घरी औषधांचा डबा उघडून बघा. बऱ्याच जणांना ती गोळी ‘प्रोस्टेटची’ आहे एवढंच माहीत असतं, आणि मिश्र गोळीत हे नाव दुसऱ्याच्या जोडीला असतं.

घेत नसतील तर सोनोग्राफीतला प्रोस्टेटचा आकार बघा. समजा ६० सीसी, तर ७.८ भागिले ६० म्हणजे ०.१३. ही घनता ०.१५ च्या खाली असणं चांगलं. मग एमआरआय. त्यात पाय-रॅड्स (एमआरआयवरच्या संशयाचे १ ते ५ गुण) ४ किंवा ५ ची जागा निघाली आणि ती आधीच्या बायोप्सीत गवसली नसेल, तर नेम धरून पुन्हा तुकडा घ्यायला हवा. बायोप्सी नुकतीच झाली असेल तर आतल्या रक्तामुळे एमआरआय वाचणं अवघड जातं, म्हणून काही आठवडे थांबवतात. त्या थांबण्याने काही बिघडत नाही. ब्रिटनमधल्या प्रोटेक्ट अभ्यासाचे १५ वर्षांचे आकडे २०२३ मध्ये आले. त्यात १६४३ जणांपैकी प्रोस्टेट कॅन्सरने मृत्यू झालेले २.७ टक्के होते, आणि लक्ष ठेवणं, ऑपरेशन, रेडिएशन या तिन्ही गटांत फारसा फरक नव्हता.

हे सगळं कमी धोक्याकडेच बोट दाखवत असेल तर मार्करची गरज नाही. पीएसए, तपासणी आणि वर्षभरात पुन्हा बायोप्सी एवढं पुरे. एमआरआय आणि ग्लीसन एकमेकांशी जुळत नसतील, किंवा दुसऱ्या मतात ३+४ निघालं, तिथे पीटेनला अर्थ येतो. म्हणून मार्करवर पैसे घालण्याआधी स्लाइड दुसऱ्या, प्रोस्टेट रोज बघणाऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवा. ३ आणि ४ मधली रेघ नजरेची आहे; क्रिब्रिफॉर्म, म्हणजे चाळणीसारखी भोकं असलेला भाग नजरेतून सुटला असेल तर तो कुठल्याही प्रथिनापेक्षा जास्त सांगतो. त्यासाठी बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) विचारा, किंवा मुंबईला टाटा मेमोरियलमध्ये. तिथे बाहेरच्या स्लाइड आणि ब्लॉक तपासून देतात.

टिश्यू नेण्यातच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. लॅबला लेखी अर्ज देऊन मूळ रंगवलेल्या स्लाइड आणि कॅन्सर असलेल्या दोन्ही तुकड्यांचे मेणाचे ब्लॉक मागा. न रंगवलेल्या स्लाइड कापून देतो म्हणाले तर ब्लॉकचाच आग्रह धरा, कारण कापून ठेवलेल्या कापांतली प्रथिनं काही आठवड्यांत रंग धरेनाशी होतात, आणि आपल्या पावसाळी दमटपणात ते लवकर होतं. ब्लॉकमध्ये ती टिकतात. मात्र कॅन्सर मिलीमीटरभर असेल तर दर वेळी ब्लॉक मशीनवर चढवून सरळ करताना थोडा टिश्यू वाया जातो, आणि तीन वेळा असं झालं की कॅन्सर संपून नुसतं निरोगी ऊतक उरतं. म्हणून कुठले मार्कर हवेत ते डॉक्टरांकडून आधी ठरवून घ्या आणि ४ मायक्रॉनचे सगळे काप एकाच बैठकीत करायला सांगा.

पुन्हा बायोप्सी ठरली तर दिवसही बघा. तुकडे लगेच १० टक्के बफर्ड फॉर्मेलिनमध्ये पडायला हवेत, सलाइनमध्ये नव्हे, आणि किमान ६ तास, शक्यतो ७२ तासांच्या आत पुढे जायला हवेत. चवथीच्या आदल्या दिवशी घेतलेली बायोप्सी डबीत पडून राहू शकते. प्रत्येक तुकड्याची डबी वेगळी, वर जागेचं नाव लिहिलेलं. सहा तुकडे एकाच डबीत टाकले तर ते गुंततात, मोडतात, आणि कुठल्यात किती मिलीमीटर कॅन्सर होता ते मग कुणालाच सांगता येत नाही.

ब्लॉक घेताना त्यावरचा नंबर रिपोर्टावरच्या नंबराशी तिथेच ताडून बघा आणि पोच सही करून घ्या. स्लाइड प्लास्टिकच्या स्लाइडच्या डबीत, कापसाची घडी घालून. ब्लॉकचं मेण ६० अंशांच्या आसपास वितळतं. मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर ते ठेवू नका. मडगावहून रेल्वेने जाणार असाल तर हातातल्या पिशवीत, सीटखालच्या बॅगेत नको.